दाता कोण तें पुरे. पाटकरी कोण तें सांगा!

पांझरेच्या कांठच्या कोणत्याही म्हाताऱ्या कुणब्यास विचारा. बंधाऱ्याला दगड कोणीं दिला, चुना कोणीं दिला, कोणाच्या अमदानींत तो बांधला गेला, याची चौकशी पाटाचें पाणी करीत नाहीं. पाणी ऐकतें पाटकऱ्याचें. तो ज्या फडाकडे दारें मोडील तिकडे तें वळतें. म्हणून फडाच्या लोकांनीं पाटकऱ्यास मालक केलें नाहीं, चाकर केलें. त्याचें पोट फडाच्या धान्यावर. त्यानें पाळी चुकविली तर चार माणसांत जाब. उद्यां हाच पाटकरी म्हणूं लागला कीं, "पाट माझा, पाणी माझें, आणि माझ्यामागें माझा बाळ तुम्हांस पाणी वांटील," तर फडाचे लोक त्याला खांद्यावर घेऊन मिरवतील काय? हातांतलें फावडें काढून घेतील आणि घरची वाट दाखवितील!

परंतु शेताच्या पाण्याच्या बाबतींत जी अक्कल आम्ही दाखवितों, ती विद्येच्या पाण्याच्या बाबतींत कोठें जाते? कॉलेजांना पैसा पुरविण्यासाठीं मंडळें निघतात, ट्रस्ट निघतात, प्रतिष्ठानें निघतात. आमचा शेतकरी, आमचा सुतार, आमचा कुंभार एवढेंच विचारतो: देणगी कोणाची? कोनशिलेवर नांव कोणाचें? हार कोणाच्या गळ्यांत पडला? आणि तेवढें ऐकून समाधानानें घरीं जातो. वहीखातें कोणाच्या हातांत आहे, तिजोरीची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, कारभाराच्या खुर्चीवर बसलेला माणूस पगारी सेवक आहे कीं जन्मानें आलेला वारस आहे, आणि तो चुकला तर त्याला उठविणारा कोणी आहे कीं नाहीं, हें विचारायचें कोणीं?

तें आज आम्ही विचारणार आहों. आणि विचारण्यापूर्वीं एका परदेशी फंडाची खरी हकीकत वाचकांपुढें ठेवणार आहों.

कोणी म्हणेल, "कुठें अमेरिका आणि कुठें आमचें खळें! आम्हांला त्या गोष्टीशीं काय करायचें?" बाबांनो, हा धागा आम्ही आज काढलेला नाहीं. १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ छापतांना जोतीराव फुले यांनीं तो कोणा संस्थानिकास अर्पण केला नाहीं. काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. पुण्याच्या एका माळ्यानें दीडशें वर्षांपूर्वीं जें नातें जोडलें, तें आम्हीं विसरावें काय? जोतीरावांनीं त्या लोकांच्या मुक्ततेची गोष्ट सांगितली. मुक्ततेनंतर त्यांनीं विद्या कशी मिळविली आणि विद्येची तिजोरी कोणाच्या हातीं ठेवली, ही पुढची गोष्ट आम्ही सांगतों.

अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८६५ सालीं. त्याआधीं दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामाला लिहावयास-वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. शूद्रानें अक्षर ओळखूं नये असें जेथें सांगत, त्या देशांतील माणसाला हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. बेड्या तुटल्याबरोबर ते लोक विद्येकडे धांवले. मिशनरी आले, दानशूर गोरे आले, आणि खासगी कॉलेजें उभीं राहिलीं. नॅशव्हिल शहरांत १८६६ सालीं फिस्क, १८६७ सालचें मोरहाउस, अलाबामांत १८८१ सालचें टस्कीगी, हीं त्यांतलीं नामांकित. फिस्कची तर मोठी गोड गोष्ट आहे. संस्था दिवाळ्याच्या दारांत उभी होती, तेव्हां १८७१ सालीं तेथील मुलांमुलींनीं एक गाणारी मंडळी काढली आणि आपल्या आईबापांनीं गुलामींत म्हटलेलीं गाणीं गात गांवोगांव, देशोदेशीं हिंडून पैसा आणला. त्या पैशावर मोठी इमारत उभी राहिली. आमच्या आयाबायांनीं जात्यावरच्या ओव्या गाऊन कॉलेज बांधलें असतें तर आम्हांस जसा अभिमान वाटता, तसाच त्यांना वाटला.

पण पुढें काय झालें तें पाहा. इमारत काळ्या लेंकरांच्या गळ्यानें उभी राहिली, आणि कारभाराच्या खुर्चीवर मात्र वर्षानुवर्षें गोरा माणूस! विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत फिस्कचे अध्यक्ष होते फेयेट मॅकेन्झी. गोऱ्या धनिकांकडून कॉलेजसाठीं दहा लाख डॉलरचा कायम निधि मिळवायचा होता. पैसेवाल्यांची मर्जी राखायची म्हणून मुलांच्या तोंडाला कुलूप लागलें. विद्यार्थ्यांचें वर्तमानपत्र बंद. हक्कांसाठीं भांडणाऱ्या संस्थेची शाखा काढायला बंदी. कपड्यांवर नियम, भेटण्याबोलण्यावर नियम. त्याच कॉलेजांत शिकून मोठे झालेले पंडित डु बॉइस यांनीं १९२४ सालीं तेथेंच उभें राहून या कारभारावर कोरडे ओढले. १९२५ च्या फेब्रुवारींत विद्यार्थी उठले, तेव्हां अध्यक्षांनीं काय केलें? स्वतःच्या विद्यार्थ्यांवर गोरे पोलीस घातले! मुलांनीं संप पुकारला, आठवडेच्या आठवडे चालविला, आईबापांनीं पाठ राखली, आणि एप्रिलांत साहेबांस राजीनामा देऊन जावें लागलें. तरीही फिस्कला पहिला काळा अध्यक्ष मिळायला १९४६ साल उजाडावें लागलें.

या गोष्टींतून एवढें ध्यानांत धरा कीं पैसा हा विष नव्हे आणि अमृतही नव्हे. पैसा आणणारा माणूस कोणाला जबाबदार आहे, यावर सारें आहे. मॅकेन्झीसाहेब देणाराला जबाबदार होते, घेणाऱ्या लेंकरांना नव्हते. पाटकरी बंधारा बांधणाराच्या ओंजळीनें पाणी पिऊं लागला कीं शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोंचत नाहीं.

आतां दुसरा माणूस पाहा. याचें नांव फ्रेडरिक पॅटर्सन. जन्म १९०१ चा. दोन वर्षांचा होण्यापूर्वींच आईबाप क्षयानें गेले; बहिणीनें वाढविला. शिकून झाला काय? तर जनावरांचा डॉक्टर! गुरांच्या पोटफुगीवर औषध देणारा माणूस. तो टस्कीगींत शिकवायला आला आणि १९३५ सालीं तेथला अध्यक्ष झाला. येऊन पाहतो तों पेटी रिकामी. मोठ्या धनिकांचे दानाचे पाट आटत चालले होते. प्रत्येक काळें कॉलेज एकेकटें झोळी घेऊन त्याच त्या चार दारांत उभें राही. आज हें, उद्यां तें, आणि दारवान हंसे. या गुरांच्या डॉक्टरानें १९४३ च्या जानेवारींत 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्या लोकांच्या साप्ताहिकांत लेख लिहिला. मतलब असा कीं, भिक्षा एकेकट्यानें मागण्याचे दिवस संपले. सर्व खासगी काळ्या कॉलेजांनीं एक होऊन एकच मागणी देशापुढें ठेवावी, आणि फक्त मोठ्या थैल्यांकडे न पाहतां लहान लहान रकमा पुष्कळ लोकांकडून गोळा कराव्या.

लहान लहान रकमा! आमच्या वाचकाचे कान येथें टवकारले असतील. कारण हीच विद्या कऱ्हाडजवळच्या काले गांवीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांची होती. घरोघरच्या बायांनीं पीठ दळतांना एक मूठ धान्य बाजूला काढायचें, आणि त्या मुठींवर रयतेचीं पोरें शिकायचीं. लक्ष्मीबाईंनीं तर अंगावरचे दागिने आणि शेवटीं मंगळसूत्र बोर्डिंगच्या पोरांच्या अन्नासाठीं दिलें. साताऱ्याचा कर्मवीर आणि टस्कीगीचा गुरांचा डॉक्टर यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नसेल. परंतु गरिबाच्या विद्येचा मार्ग दोघांनाही एकच दिसला.

२५ एप्रिल १९४४ रोजीं सत्तावीस कॉलेजें एकत्र येऊन 'युनायटेड निग्रो कॉलेज फंड' स्थापन झाला. निग्रो हा शब्द त्या काळचा. आतां ते लोक स्वतःस काळे अमेरिकन म्हणवितात, पण फंडाचें जुनें नांव राहिलें आहे. थोर शिक्षिका मेरी मॅकलिऑड बेथून याही स्थापनेंत होत्या. पहिल्याच वर्षीं साडेसात लाखांवर डॉलर गोळा झाले; एवढी रक्कम तीं कॉलेजें वेगवेगळीं हिंडून कधींच मिळवूं शकलीं नव्हतीं.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही वर्धापनदिनाच्या भाषणांत सांपडेल. आमचा मुद्दा पुढेंच आहे. या फंडाची कारभाराची खुर्ची कोणाला दिली? पॅटर्सननें स्वतःसाठीं ठेवली काय? आपल्या पुतण्याला दिली काय? रॉकफेलरसारखा कुबेर मदतीस आला होता, त्याच्या मुनिमाला दिली काय? नाहीं. एक पगारी सेवक नेमला: विल्यम ट्रेंट, वय वर्षें अवघें चौतीस, काळा माणूस, व्यापारी हिशेबाची उंच परीक्षा पास झालेला, कॉलेजांत शिकविलेला, आणि सरकारी खात्यांत काळ्या कामगारांच्या प्रश्नावर सल्लागार म्हणून राबलेला. याचा बाप स्वतः एका कॉलेजचा अध्यक्ष होता. पण मुलाला त्यानें विद्या दिली, खुर्ची दिली नाहीं. मुलानें आपली वाट वेगळी काढली.

ट्रेंटनें १९४४ पासून १९६४ पर्यंत, सरळ वीस वर्षें, ही चाकरी केली. चाकरीच म्हणायची. गांवोगांवच्या मोहिमा उभारायच्या, आलेला पैसा वेळेवर नोंदायचा, ठरल्या रीतीनें सर्व कॉलेजांना वांटायचा, छोट्या कॉलेजची तक्रार ऐकायची, मोठ्या कॉलेजचा फुगा फुटूं न देतां टांचणी लावायची, आणि धनिकाच्या दिवाणखान्यांत जाऊन ताठ मानेनें हिशेब ठेवायचा. या वीस वर्षांत सुमारें सात कोटि ऐंशी लाख डॉलर जमले. आणि १९६४ सालीं तो उठला, एका प्रकाशनाच्या मोठ्या कंपनींत नोकरीला गेला. खुर्चीला चिकटून बसला नाहीं, पोराला हातांत धरून आणलें नाहीं, फंडाला स्वतःचें नांव दिलें नाहीं!

पुढें काय झालें? फंड बुडाला काय? नाहीं. माणसें येत गेलीं, जात गेलीं, काम चाललें. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. व्हर्नन जॉर्डन नांवाचा मुलगा. बाप टपाल खात्यांतला साधा नोकर, आई लोकांच्या घरच्या मेजवान्यांचा स्वयंपाक करून देणारी. १९५५ च्या सुट्टींत हा कॉलेजचा मुलगा अटलांटांतल्या एका वृद्ध गोऱ्या पेढीवाल्याची मोटार हांकी. दुपारीं म्हातारा झोंपला कीं पोरगा त्याच्याच ग्रंथसंग्रहांत पुस्तक घेऊन बसे. म्हाताऱ्यानें एकदां तें पाहिलें, आणि रात्रीं जेवणाच्या टेबलावर नातेवाइकांस आश्चर्यानें बातमी सांगितली कीं आपल्या गाडीवानाला वाचतां येतें! पंधरा वर्षांनंतर, १९७० सालीं, तोच गाडीवान या फंडाचा मुख्य कारभारी झाला. आणि दोन वर्षांच्या आंतच काळ्या शहरवासियांच्या दुसऱ्या एका मोठ्या संस्थेला गरज पडली तेव्हां ही खुर्ची सोडून तिकडे गेला.

मग १९७३ पासून १९९० पर्यंत क्रिस्टोफर एडली. वकील, मोठ्या दानसंस्थेंत काम केलेला. १९९१ सालीं विल्यम ग्रे आले. हे गृहस्थ अमेरिकेच्या लोकसभेंत आपल्या पक्षाचे तिसऱ्या क्रमांकाचे पुढारी होते. आमचे पुढारी संस्थेच्या खुर्चीवरून आमदारकीच्या खुर्चीवर उडी मारतात. हा माणूस उलटा आला, अधिकाराची जागा सोडून फंडाच्या चाकरीस! याच्या अमदानींत, १९९९ सालीं, गेट्स यांच्या प्रतिष्ठानानें शंभर कोटि डॉलरच्या शिष्यवृत्त्यांचा कारभार या फंडाकडे सोंपविला. २००४ सालीं मायकेल लोमॅक्स आले. ते शिकले मोरहाउसमध्यें, म्हणजे फंडाच्याच एका कॉलेजांत. ज्या पाटाचें पाणी पिऊन वाढला त्याच पाटाचा पाटकरी झाला. वारसानें नव्हे, लायकीनें. आणि २०२४ च्या जानेवारींत एका धर्मादाय निधीनें या फंडाला एकरकमी दहा कोटि डॉलर दिले, ते सदतीस कॉलेजांच्या सामाईक कायम ठेवीसाठीं. ऐंशी वर्षें झालीं, बंधारा उभा आहे. आम्ही दिलेल्या नांवांत बापामागून आलेला मुलगा एकही नाहीं.

आम्ही कोणाची आरती ओंवाळीत नाहीं. या फंडालाही डाग आहेत. सुरुवातीच्या काळांत सल्लागार मंडळावर गोऱ्या धनिकांची दाटी होती आणि त्यांची मर्जी सांभाळून पाऊल टाकावें लागे. लहान रकमांचें स्वप्न मोठ्या थैल्यांच्या ओझ्याखालीं पुष्कळ दबलें. आणि वर जीं कारभाऱ्यांचीं नांवें आलीं त्यांत बाई एकही नाहीं. बेथूनबाईंनीं पाया घालायचा आणि किल्ली मात्र पुरुषांच्याच कमरेला, हा अन्याय तिकडे आहे तसाच इकडे आहे. सावित्रीबाईंचें नांव घेणाऱ्यांनीं त्यावर हंसूं नये. परंतु एक गोष्ट तेथें पक्की आहे. धर्मादाय संस्थेच्या मुख्य कारभाऱ्याला किती पगार मिळतो, हें तेथल्या कायद्यानें दरवर्षीं कागदावर जाहीर करावें लागतें. कोणीही माणूस तो कागद मागून वाचूं शकतो. चाकर म्हटला कीं त्याचा पगार धन्याला ठाऊक पाहिजे. आणि धनी कोण? तर लोक!

आतां आमच्या घरांत या.

आमच्या ओळखीचा एक कुंभार आहे. भट्टीच्या धुरांत डोळे गेले, पण लेक इंजिनीयर करायची हा पण. एका खासगी कॉलेजांत नंबर लागला. फी भरली, पावती मिळाली. मग कारकुनानें हळूच सांगितलें, "विकास निधीचे वेगळे, रोख." पावती? "त्याची पावती नसते." कुंभार प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य पांढऱ्या केंसांचे, तीस वर्षें शिकविलेले, भला माणूस. ते म्हणाले, "माझ्या हातांत कांहीं नाहीं हो." इतक्यांत दार उघडून पंचविशींतला एक तरुण आंत आला, संस्थापकांचा नातू. आणि ते पांढऱ्या केंसांचे प्राचार्य खुर्चीवरून उठून उभे राहिले! कुंभार आम्हांस म्हणाला, "पैशांचें दुःख नाहीं वाटलें तेवढें त्या उठण्याचें वाटलें."

बंधूंनो, ही एका कॉलेजची गोष्ट नव्हे. १९८३ सालीं सरकारनें विनाअनुदान कॉलेजांस परवानगी दिली, आणि गांवोगांव विद्येचीं दुकानें उघडलीं. त्यांत चांगल्याही संस्था आहेत. त्यांना आमचा रामराम. पण कित्येक ठिकाणीं चिरेबंदी वाडे विद्येच्या नांवानें पुन्हां उभे राहिले. १९८७ सालीं देणगीशुल्क घेणें गुन्हा ठरविणारा कायदा या राज्यानें केला. २००२ सालीं सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं विद्यादान हा नफेखोरीचा धंदा नव्हे. वाजवी शिल्लक उरली तर ती संस्थेच्याच वाढीस लावावी. कायदा झाला, निकाल झाला. वाड्याचा दरवाजा मात्र तसाच! कारण खुर्ची तीच. आजोबा अध्यक्ष, बाप सचिव, सून खजिनदार, नातू 'कार्यकारी संचालक'. पूर्वीं जोशीपण वतनी होतें, कुळकर्ण वतनी होतें, आणि त्या वतनांविरुद्ध आमच्या बापजाद्यांनीं रान उठविलें. आतां वतन बसलें तें आमच्याच रक्तामांसाच्या माणसाच्या घरीं, म्हणून आम्हीं गप्प बसावें काय? वतन गोड नसतें. तें भटाचें असो कीं पाटलाचें!

ते म्हणतात, "संस्था आमच्या आजोबांनीं घाम गाळून उभारली." गाळला असेल, त्या घामाला नमस्कार. पण जमीन कोणाची? बहुतेक ठिकाणीं गांवच्या गायरानाची. पैसा कोणाचा? कांहीं सरकारचा, कांहीं आमच्या फीचा, कांहीं उंसाच्या बिलांतून कापलेला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं नोंदलेली संस्था ही कोणाच्या बापाची इस्टेट नव्हे. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. ठेव सांभाळणारानें ती आपल्या मुलाच्या नांवावर चढविली तर गांवांत त्याला काय म्हणतात, तें आम्ही येथें छापीत नाहीं.

ते म्हणतात, "पगारी नोकराला संस्थेचा काय जिव्हाळा?" वीस वर्षें राबणाऱ्या ट्रेंटला नव्हता काय? आणि दूर कशाला? साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगांत वाढलेला एक गरीब घरचा विद्यार्थी, बॅरिस्टर पी. जी. पाटील, त्याच रयत संस्थेंत प्राचार्य झाला, सेक्रेटरी झाला, आणि १९७५ सालीं शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरु झाला. जिव्हाळा रक्तांतून येत नाहीं. ज्या ताटांत जेवलों त्या ताटाच्या आठवणींतून येतो.

मात्र एक सावधगिरी सांगतों. नुसता सेवकांच्या हातीं कारभार दिला म्हणजे झालें, असेंही नव्हे. ज्यांच्याशीं आमचें जन्मभर वाजलें, त्यांचें उदाहरण घेऊं. १८८४ सालीं पुण्यांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिचे आजीव सभासद वीस वर्षें अल्प वेतनावर शिकवीत; गोखल्यांनीं पंचाहत्तर रुपये महिन्यावर तें व्रत पाळलें. मालक कोणी नाहीं, शिकविणारेच कारभारी. बाहेरचीं कामें व बाहेरची प्राप्ति घ्यावी कीं नाहीं यावरून भांडण होऊन १८९० सालीं टिळक बाहेर पडले. एवढी कडक शिस्त! तिचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या सभासदांनीं पुढचे सभासद निवडायचे, त्यांनीं त्यांच्या पुढचे. त्यामुळें त्यागी माणसांचेंही एक बंद आवार झालें, आणि रयतेच्या पोराला तेथें खुर्ची दिसली नाहीं. म्हणून दोन्ही गोष्टी पाहिजेत. कारभारी सेवक पाहिजे, आणि त्या सेवकाला हलविण्याची सत्ता त्याच्या जातभाईंबाहेर, लोकांच्या हातांत पाहिजे. पहिलें आहे आणि दुसरें नाहीं, तर मठ होतो. दोन्ही नाहींत, तर वाडा होतो.

तेव्हां आमचें म्हणणें उघड आहे. कॉलेजांस पैसा पुरविणाऱ्या प्रत्येक ट्रस्टनें व प्रतिष्ठानानें मुख्य कारभारी जाहिरात देऊन, मुदत ठरवून, पगार जाहीर करून नेमावा. संस्थापकाच्या घराण्याला मान द्या, फोटो लावा, पण तिजोरीची किल्ली देऊं नका. कारभाराच्या खुर्च्यांवर बायांनाही बसवा. वर्षाचा जमाखर्च सोप्या मराठींत छापून कॉलेजच्या दारावर चिकटवा.

आणि वाचकहो, हें होईपर्यंत तुम्हीं हात जोडून बसायचें नाहीं. संस्थेचे विश्वस्त बदलले कीं नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावें लागतें. तपासलेले हिशेबही तेथें द्यावे लागतात. चार जण मिळून जा आणि तुमच्या तालुक्याच्या संस्थेचा कागद पाहायला मागा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें प्रत्येक संलग्न कॉलेजांत महाविद्यालय विकास समिति नेमली आहे. तींत शिक्षकांनीं निवडलेले शिक्षक बसतात, शिपाई-कारकुनांचा प्रतिनिधि बसतो, विद्यार्थ्यांचा बसतो, आणि तिच्या बैठका वर्षांतून निदान चार झाल्याच पाहिजेत. तुमच्या मुलाला घरीं विचारा: समिति आहे काय? बसते काय? कीं नातूसाहेबांच्या सहीनेंच कागदावर बसते? आणि पावतीशिवाय एक रुपया देऊं नका. देणारा पावती मागत नाहीं म्हणूनच घेणारा मालक होतो.

आईबापांनो, तुमचीं मुलें गुलामांचीं नव्हेत. त्या गाडीवानानें मालकाच्या ग्रंथसंग्रहांत चोरून वाचलें. तुमच्या लेकीनें आपल्याच गायरानावर उभ्या राहिलेल्या कॉलेजांत ताठ मानेनें वाचावें, आणि तेथील प्राचार्यानें कोणाच्याही नातवाकडे पाहून खुर्चीवरून उठूं नये, एवढीच आमची मागणी आहे. बंधारा ज्यानें बांधला त्याला रामराम करा. पण पाटकरी तुमचा चाकर आहे, हें त्याच्या तोंडावर सांगायला शिका. नाहींतर पाणी वाड्याच्या हौदांत, आणि तुमचें वावर कोरडें!